पहिले ४८ तास

१९४२ साली अमेरिकेत दोन शोधनिबंध छापून आले. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पहिल्यात जेम्स विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास अभ्यासला होता. अशी बाळं श्वास घेता घेता मध्येच थांबतात, मग भराभर घेतात, पुन्हा थांबतात. बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीतल्या (इन्क्युबेटरमधल्या) हवेत ऑक्सिजन भरपूर वाढवला की हा अडखळता श्वास एका लयीत येतो, असं त्यांना दिसलं. दुसरा निबंध बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांचा. अपुऱ्या दिवसांच्या काही मुलांच्या डोळ्यांत, भिंगाच्या मागे, पांढुरका पडदा तयार झालेला त्यांना आढळला होता. ती मुलं आंधळी होती.

पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरातल्या सुमारे १०,००० मुलांची दृष्टी या आजाराने गेली. मे १९५० मध्ये मिशिगनमध्ये दिवसांआधी जन्मलेला एक मुलगाही त्यांत होता. तोच पुढे स्टीव्ही वंडर या नावाने जगप्रसिद्ध गायक झाला. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की हा आजार गरीब, साधनं नसलेल्या दवाखान्यांत फारसा नव्हताच. तो होता नावाजलेल्या रुग्णालयांत, जिथे नव्या पेट्या होत्या, तरबेज परिचारिका होत्या आणि ऑक्सिजनला कमतरता नव्हती.

आज आपल्याला कारण माहीत आहे, आणि ते समजून घेताना मन थक्क होतं. गर्भातल्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजन इतका कमी असतो, की मोठ्या माणसाच्या रक्तात तेवढाच आढळला तर त्याला तातडीने अतिदक्षता विभागात हलवतील. पण बाळाचा डोळा घडतो तो याच कमतरतेच्या आधाराने. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, रक्तवाहिन्या मधून कडेकडे सरकत जातात आणि नऊ महिने भरत आले की कडेला पोचतात. जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथली ऊती रासायनिक हाक देते आणि त्या हाकेच्या दिशेने वाहिनी वाढते. बाळ तीन महिने आधी जन्मलं आणि त्याला भरमसाठ ऑक्सिजन दिला, तर ही हाकच बंद होते. वाहिन्या अर्ध्या वाटेत थांबतात. काही आठवड्यांनी पडद्याची भूक वाढते, हाक पुन्हा उठते, आता फार मोठ्याने. मग वाहिन्या वेड्यावाकड्या, झुपकेच्या झुपके फुटतात, पडद्याला ओढतात आणि शेवटी तो सुटून येतो.

हे त्या काळात कोणालाच ठाऊक नव्हतं. संशय घ्यायला मात्र काही कमी नव्हतं. जीवनसत्त्वं, लोह, गाईचं दूध, पेटीवर पडणारा उजेड, आईचे आजार अशी डझनावारी कारणं पुढे आली आणि बहुतेकांच्या बाजूने कोणी ना कोणी निबंधही लिहिला. श्वासाच्या आणि ऑक्सिजनच्या उपचारांवरचं संशोधन कसं वाचावं, असं मला कोणी विचारलं तर मी संख्याशास्त्राच्या पुस्तकाआधी हीच हकिकत वाचायला सांगेन. संशोधनाला फसवणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिच्यात भेटते. आणि यात लबाड माणूस एकही नाही. सगळे बाळाला वाचवायलाच धडपडत होते.

न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये विल्यम सिल्व्हरमन नावाचे तरुण बालरोगतज्ज्ञ होते. डोळ्यात आजाराची सुरुवात दिसलेल्या बाळांना त्यांनी एसीटीएच हे संप्रेरक द्यायला सुरुवात केली. ३१ बाळांना ते दिलं, त्यांपैकी २५ बाळं निरोगी डोळे घेऊन घरी गेली. शहरातल्याच लिंकन हॉस्पिटलमध्ये हे औषध दिलं जात नव्हतं. तिथे आजाराची सुरुवात झालेली सात बाळं होती, त्यांतली सहा आंधळी झाली. इथे ३१ पैकी २५ बचावली, तिथे सातांतली सहा गमावली. कोणत्याही आईबापाने, कोणत्याही डॉक्टरने काय ठरवलं असतं?

सिल्व्हरमन तिथे थांबले नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटतो तो यासाठी. कोणत्या बाळाला औषध मिळेल हे त्यांनी डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता, जणू चिठ्ठ्या टाकून, दैवावर सोपवलं. निकाल उलटा आला. औषध मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळं अंध झाली, न मिळालेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश. औषधाच्या गटात मृत्यूही जास्त होते. म्हणजे आजाराची सुरुवात झालेली बहुतेक बाळं काहीही न करता आपोआप बरी होत होती. ३१ पैकी २५ हा आकडा औषधाचा नव्हताच, तो निसर्गाचा होता. लिंकनमधली सात बाळं हा निव्वळ दुर्दैवाचा एक छोटा झुपका होता. ‘आमच्या इतक्या रुग्णांना गुण आला’ असं वाक्य आजही निबंधात, जाहिरातीत, बातमीत दिसतं. तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो हा: उपचार केलाच नसता तर किती जणांना गुण आला असता?

ऑक्सिजनवर बोट ठेवलं ते मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी, १९५१ मध्ये. जिथे ऑक्सिजन सढळ हाताने दिला जात होता तिथे अंधत्व जास्त, जिथे जपून दिला जात होता तिथे कमी, असं त्यांनी दाखवलं. वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ आणि लिरॉय होएक यांनी आळीपाळीने एका बाळाला भरपूर आणि दुसऱ्याला गरजेपुरता ऑक्सिजन, अशी चाचणी सुरू केली. तिथला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. रात्रपाळीच्या परिचारिकांना वाटायचं, की या इवल्या जिवांचा ऑक्सिजन कमी करणं हे क्रौर्य आहे. डॉक्टर घरी गेले की त्या हळूच तोटी सोडायच्या. त्यांची माया मला कळते. पण त्या मायेमुळे कमी ऑक्सिजनच्या गटातली बाळं गुपचूप जास्तीच्या गटात जात होती. ज्या चाचणीत कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना दिसतं, तिच्यात माणसांचे हात आपल्या श्रद्धेप्रमाणे चालतात. आजचा कोणताही निबंध वाचताना ‘उपचार देणाऱ्याला गट ठाऊक होता का’ हा प्रश्न विचारायचा, तो याच कारणाने.

मग १९५३ मध्ये अमेरिकेतली १८ रुग्णालयं एकत्र आली. समन्वयक होते डेट्रॉइटचे एव्हरेट किन्सी. जवळपास आठशे बाळं, वजन दीड किलोपर्यंत. काहींना नेहमीच्या रिवाजाप्रमाणे भरपूर ऑक्सिजन, बाकीच्यांना फक्त गरज असेल तेव्हाच. सप्टेंबर १९५४ मध्ये निकाल जाहीर झाला. भरपूर ऑक्सिजन मिळून जगलेल्या बाळांपैकी सुमारे एक चतुर्थांश बाळांच्या डोळ्यांत कायमचे व्रण राहिले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी होतं. आणि दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. डोळे वाचत होते आणि जीवही जात नव्हता. निष्कर्ष इतका स्वच्छ होता, की जगभरातल्या रुग्णालयांनी ऑक्सिजनच्या तोट्या आवळल्या.

निष्कर्ष खरा होता. त्याचा वापर चुकला. का चुकला, हे निबंधाच्या ज्या भागात दडलं होतं तो भाग घाईचा वाचक ओलांडून जातो. त्या भागात अभ्यासाची पद्धत सांगितलेली असते.

या चाचणीत बाळ कधी दाखल करून घेतलं जायचं? जन्मानंतर ४८ तासांनी. त्यामागे विचार होता. इतकी लहान बाळं पहिल्या दोन दिवसांत मोठ्या संख्येने दगावत. जी बाळं डोळे तपासण्याच्या दिवसापर्यंत पोचणारच नाहीत त्यांना अभ्यासात घेऊन काय साधणार, असं संशोधकांना वाटलं. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं फुप्फुस नीट उघडत नाही, ते हवेच्या पिशव्या मिटून बसतं, हा जीवघेणा आजार जोर धरतो तो नेमका याच तासांत. ऑक्सिजनची सर्वांत निकड असते ती याच तासांत. आणि हे तास चाचणीच्या वहीत नव्हतेच. ‘मृत्यूंमध्ये फरक नाही’ या वाक्याचा खरा अर्थ होता, ‘दोन दिवस तगून राहिलेल्या बाळांच्या मृत्यूंमध्ये फरक नाही.’ डॉक्टरांनी मात्र ते जन्मल्या क्षणापासूनच्या बाळांना लागू केलं.

भरीस भर म्हणजे ४० टक्के हा आकडा. पेटीतला ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आत असला की सुरक्षित, असा नियम रूढ झाला आणि पेट्याही तशा बनू लागल्या. पण किन्सींच्या चाचणीने अशी सुरक्षित मर्यादा दाखवलेली नव्हती. ऑक्सिजन किती दिवस मिळाला याच्याशी आजाराचा संबंध तिने दाखवला होता. १९६० मध्ये मेरी एलन एव्हरी आणि एला ओपेनहायमर यांनी फुप्फुसाच्या त्या आजाराने होणारे मृत्यू वाढल्याचं नोंदवलं. १९७३ मध्ये लंडनचे केनेथ क्रॉस यांनी ब्रिटनमधल्या जुन्या मृत्यूनोंदी चाळल्या आणि ‘लॅन्सेट’मध्ये आपला अंदाज मांडला: एका मुलाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळांचे जीव गेले असावेत. हा अंदाजच होता, चाचणी नव्हे, आणि त्याच्यावर वादही झाले. तरीही तो आकडा वाचून माझा श्वास अडकला होता. इतक्या मृत्यूंचा पत्ता इतकी वर्षं लागला नाही, कारण ही बाळं कोणत्याही तक्त्यात नव्हती.

मग खरा आकडा कोणता? बाळाच्या रक्तात ऑक्सिजन किती असावा? हे ठरायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, आणि ज्या कल्पकतेने ते ठरलं ती पाहून मी हरखून जातो. तोवर पल्स ऑक्सिमीटर आला होता, तोच, जो कोरोनाच्या काळात आपल्याकडे घरोघरी बोटाला लागला. प्रश्न असा होता: एका गटाची पातळी ८५ ते ८९ टक्के ठेवायची आणि दुसऱ्याची ९१ ते ९५, पण यंत्राच्या पडद्यावर आकडा दिसत असताना परिचारिकेला बाळाचा गट कळणार नाही, हे कसं जमवायचं? संशोधकांनी यंत्रंच बदलून घेतली. दोन्ही गटांची यंत्रं ८८ ते ९२ च्या पट्ट्यात सारखेच आकडे दाखवायची, पण एका यंत्रामागचं खरं रक्त खालच्या पातळीवर असायचं, दुसऱ्यामागचं वरच्या. परिचारिका तेच करत होती जे ती रोज करते, आकडा पट्ट्यात ठेवत होती. वॉशिंग्टनच्या रात्रपाळीतला तो प्रश्न साठ वर्षांनी असा सुटला.

अशी यंत्रं वापरून झालेल्या चाचण्यांपैकी अमेरिकी चाचणीचं नाव सपोर्ट. बाळं १,३१६, सगळी २४ ते २७ आठवड्यांची. निबंध २०१० मध्ये आला. चाचणीचा मुख्य निकष जोडनिकष होता: ‘डोळ्यांचा गंभीर आजार किंवा मृत्यू’. कमी ऑक्सिजनच्या गटात २८.३ टक्के, जास्तीच्या गटात ३२.१ टक्के, संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक नाही. इथे वाचन थांबवलं, तर ‘काहीही चालतं’ असं वाटेल. पण जोड सोडवून पाहा. डोळ्यांचा गंभीर आजार: कमी ऑक्सिजनमध्ये ८.६ टक्के, जास्तीत १७.९. मृत्यू: कमी ऑक्सिजनमध्ये १९.९, जास्तीत १६.२. एक पारडं खाली जात होतं आणि दुसरं वर. बेरजेत दोन्ही हालचाली जवळजवळ दिसेनाशा झाल्या. पुढे अशा पाच चाचण्यांमधली ४,९६५ बाळं एकत्र मोजली गेली. मृत्यू १९.९ विरुद्ध १७.१ टक्के, आणि डोळ्यांवर उपचार लागणारी बाळं १०.९ विरुद्ध १४.९ टक्के. डोळ्यांवर उपचार आता आहेत. गेलेल्या जिवावर नाहीत. म्हणून आज अनेक ठिकाणी ९१ ते ९५ च्या आसपासचा पट्टा पाळला जातो. त्या पट्ट्यामागे सत्तर वर्षांचे मृत्यू आणि अंधत्व आहे, हे किती जणांना ठाऊक असतं!

हीच नजर मोठ्या माणसांच्या फुप्फुसांकडे वळवली तरी तितकीच चकित करणारी गोष्ट दिसते. गंभीर न्यूमोनियात किंवा जंतुसंसर्गात फुप्फुसं सुजून पाण्याने भरतात, रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो. इटलीचे लुचियानो गॅटिनोनी यांनी सीटी स्कॅन करून दाखवलं, की अशा फुप्फुसाचा हवा घेऊ शकणारा भाग एखाद्या लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरलेला असतो. त्यात मोठ्या माणसाची हवा भरली तर? २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला प्रत्येक श्वासाला किलोमागे १२ मिलिलिटर हवा, दुसऱ्याला ६. इथे किलो म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे, उंचीवरून काढलेलं अपेक्षित वजन. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस वाढत नाही. पहिल्या काही दिवसांत रक्तातला ऑक्सिजन कोणत्या गटात चांगला होता? १२ मिलिलिटरच्या. पलंगाशी उभ्या डॉक्टरला तोच उपचार सरस वाटला असता. आणि मृत्यू? १२ च्या गटात ३९.८ टक्के, ६ च्या गटात ३१. पडद्यावरचा आकडा सुधारत होता आणि माणसं जास्त मरत होती. मोठा श्वास ऑक्सिजन वाढवतो, पण उरलेसुरले निरोगी कोपरे ताणून फाडतो. विल्सन यांच्या निबंधातला लयबद्ध झालेला श्वास इथे आठवायला हवा. मधल्या खुणा सुधारल्या म्हणजे माणूस सुधारला, असं नसतं.

महाराष्ट्राने हे कोरोनाच्या साथीत अनुभवलं. २०२० मध्ये, आजारातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी आपल्या फोनवर दिवसरात्र निरोप फिरत होते, नातेवाईक दाता शोधत शहरभर धावत होते. राज्य सरकारने जूनमध्ये ‘प्लॅटिना’ नावाचा मोठा प्रकल्प जाहीर केला. त्याच काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली; महाराष्ट्रातली रुग्णालयंही तिच्यात होती. प्लाझ्मा मिळालेल्यांत सातव्या दिवशी विषाणू नाहीसा झालेले रुग्ण जास्त होते. ही मधली खूण. पण आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, हे प्रमाण प्लाझ्मा गटात १९ टक्के आणि दुसऱ्या गटात १८ टक्के. टीकाकार म्हणाले, अनेक दात्यांच्या प्लाझ्मात प्रतिपिंडंच कमी होती. आक्षेप रास्त होता. मग ब्रिटनमध्ये अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर, जास्त प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा घेऊन चाचणी झाली: मृत्यू दोन्हीकडे २४ टक्के. मे २०२१ मध्ये आपल्या देशाने प्लाझ्मा उपचारसूचीतून काढला. भर साथीत, रुग्णांची रीघ लागलेली असताना आपल्या डॉक्टरांनी ती चाचणी पूर्ण केली, याचा मला अभिमान वाटतो.

आता शेवटचा प्रश्न, आणि आपल्यासाठी तो सर्वांत निकडीचा: हे संशोधन कोणावर झालं? अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे कोणत्या बाळांमध्ये तपासायचे, याचा अमेरिकी नियम सांगतो, ३० आठवडे किंवा त्याआधी जन्मलेली, अथवा दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाची. हा नियम तिथल्या निबंधांवर उभा आहे आणि तिथे तो बरोबर आहे. पण भारतात त्याहून मोठ्या, जड बाळांमध्येही हा आजार गंभीर रूपात आढळतो. काही ठिकाणी ऑक्सिजन हवेत मिसळून न देता थेट शंभर टक्के दिला जातो, पातळीवर सतत लक्ष ठेवायची सोय नसते, जंतुसंसर्ग जास्त असतो. तिथला नियम जसाच्या तसा उचलला असता तर ही बाळं तपासणीतून निसटली असती, जशी ती पहिल्या ४८ तासांतली बाळं निसटली होती. म्हणून आपल्या बालरोगतज्ज्ञांनी आणि नेत्रतज्ज्ञांनी आपल्याच बाळांकडे पाहून नियम केला: ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ. २०२० या एका वर्षात भारतात सुमारे ३० लाख बाळं दिवसांआधी जन्मली, जगात सर्वांत जास्त.

तुमच्या घरात, शेजारात, ओळखीत असं बाळ असेल, तर ते ‘काचेतून’ बाहेर आलं, वजन धरू लागलं, खेळू लागलं म्हणून निश्चिंत राहू नका. हा आजार बाहेरून दिसत नाही. जन्मानंतर तीस दिवसांच्या आत त्याच्या रेटिनाची तपासणी करून घ्या, आणि बाळ २८ आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच.